चिंचोलवाडीची भूक कुणी पळवली?

१

मंगळवारी सकाळी शिपाई रामप्रसाद शेळकेने जालन्याच्या अन्नसुरक्षा माहिती कक्षाचं कुलूप काढलं, संगणकाला उदबत्ती ओवाळली आणि भिंतीवरचा पडदा सुरू केला. उदबत्ती अर्धी जळायच्या आत त्याच्या लक्षात आलं, की घनसावंगी तालुक्यातल्या एका गावाची भूक चोरीला गेली आहे.

पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा होता. उपाशी गावं लाल, अर्धपोटी पिवळी, खाऊनपिऊन सुखी ती हिरवी. गोदाकाठची चिंचोलवाडी दिवाळीपासून लाल होती. आज तिथे हिरवा ठिपका होता. कोवळा, पोपटी, खताच्या जाहिरातीतल्या शेतासारखा.

चिंचोलवाडी खरोखरच जेवायला लागली असती तर कुणाचीच तक्रार नव्हती. पण भादव्यात गोदावरीचं पाणी तिच्या शिवारात शिरलं ते नवरात्र संपलं तरी बसून होतं. सोयाबीनला शेंगेतच मोड आले, कापूस बोंडात काळा पडला. कक्षाची पाहणीदार ज्योत्स्ना पाईकराव घरोघर फिरली, डब्यांची झाकणं उघडून आत डोकावली आणि गाव लाल करून आली. त्या लाल रंगावर गावात सामुदायिक स्वयंपाकघर सुरू झालं. रोज दुपारी भाकरी, वरण आणि जे मिळेल ते कालवण. लहानथोर सगळे एका पंगतीला.

शुक्रवारी कक्षाची मोठी बैठक होती. त्यात उन्हाळ्याची यादी ठरणार होती: लाल गावांची स्वयंपाकघरं पुढच्या सुगीपर्यंत चालू, बाकीची शनिवारपासून बंद.

हा कक्ष दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून काढला होता. धान्यदृष्टी मंच आणि खंडांतर आहार परिषद. दोघींचं भुकेवर सारखंच प्रेम आणि एकमेकींवर सारखाच संशय. त्यांच्यातला सहकार्य करार इतका जाडजूड होता की कक्षाचा दरवाजा वाऱ्याने आपटू नये म्हणून रामप्रसाद तोच आडवा लावत असे. या सहकार्यातून जानेवारीत नवी फोनप्रणाली जन्मली. तिची चाचणी दहा आठवडे चालली, आणि या सोमवारपासून नकाशा जुन्या पाहणीऐवजी तिच्यावर चालू लागला.

दुपारपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं. यंत्राचं उद्घाटन झालेलं होतं, फीत कापलेली होती, म्हणजे यंत्र चुकणं शक्य नव्हतं. ज्योत्स्नाचं मात्र उद्घाटन झालेलं नव्हतं.

तिला पत्र गेलं: आपण दिवाळीत गाव खोटं लाल का दाखवलं, याचा खुलासा करावा.

२

चौकशी संध्या साळवेंकडे आली. त्या मूळच्या परतूरच्या, वय पन्नाशीच्या आसपास, सध्या सांख्यिकी विभागात. त्याआधी त्यांनी बरीच वर्षं सहकारी संस्थांचं ऑडिट केलं होतं. ते काम केलेल्या माणसाला पुढे आयुष्यात भुताखेताचंसुद्धा आश्चर्य वाटत नाही. अस्तित्वात नसलेल्या सभासदांना त्याने सर्वसाधारण सभेत चहा पिताना पाहिलेलं असतं.

त्यांनी पहिल्यांदा रामप्रसादच्या टेबलाचा खण उघडायला लावला. खणात पेढ्यांचा पुडा निघाला.

"हे कुणी दिले?"

रामप्रसादचा चेहरा पेढ्यासारखाच झाला. "अप्पाराव तौर आल्ते मॅडम, शनिवारी. चिंचोलवाडीचे माजी सरपंच."

"कशासाठी?"

"म्हनले, गाव लाल दिसून राह्यलं ते जरा कमी करा. त्यांच्या नातवाचं लगन अडकलंय. पावणे म्हनतेत, लाल गावात पोरगी कशी द्यायची."

"आणि तुम्ही शनिवारी पेढे घेतले, मंगळवारी गाव हिरवं झालं."

"पेढे घेतले, मॅडम, ते खोटं कशाला बोलू? पण माझ्या हातात रंग न्हाई. मी फकत पडदा चालू करतो अन् बंद करतो. रंग नैरोबीच्या मोठ्या हापिसातून येतो."

संध्याताईंनी खात्री करून घेतली. ते खरं होतं. रामप्रसादला नकाशात पेन्सिलीचा ठिपकासुद्धा काढता येत नव्हता. पेढे खाऊन तो फक्त कृतज्ञ राहिला होता.

मग मंचाच्या प्रिया आल्या. चुणचुणीत, पुण्याकडच्या, गळ्यात ओळखपत्राच्या दोन फिती.

"आमची प्रणाली पूर्ण पारदर्शक आहे," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी संध्याकाळी गावातल्या निवडलेल्या चाळीस घरांना आपोआप फोन जातो. ध्वनिमुद्रित आवाज विचारतो, गेल्या सात दिवसांत भाकरी-भात किती दिवस खाल्ला, डाळ किती दिवस, दूध, मांस, कंदमुळं, बेकरीचे पदार्थ किती दिवस. घरचं वेगळं, सामुदायिक चुलीवरचं वेगळं. माणूस आकडा दाबतो. मध्ये कुणी मनुष्य नाही, त्यामुळे चूक नाही."

"फोन कुणाला गेला ते दाखवा."

"ते आमच्याकडे नसतं. गोपनीयता. आमच्याकडे फक्त उत्तरं. नंबर परिषदेकडे."

परिषदेचे कल्याणराव पलीकडच्याच खोलीत होते. त्यांच्याकडे नंबर होते. उत्तरं नव्हती.

"करारच तसा आहे मॅडम. भुकेल्या माणसाची ओळख फुटू नये म्हणून. आम्ही नंबर थेट यंत्रात टाकतो, घराला सांकेतिक क्रमांक देतो. फोनवरसुद्धा कुणाचं नाव घेत नाही."

"नंबर गोळा कोणी केले?"

"गोळा करायची गरजच पडली नाही." इथे कल्याणरावांचा आवाज जरा फुलला. "एका जुन्या योजनेची माहिती होती, ती जशीच्या तशी जोडून घेतली. संस्थांमधलं सहकार्य म्हणतात ते हेच. गावात पाय न ठेवता गाव प्रणालीत आलं."

"तुम्ही दोघं कधी एका टेबलावर बसलात?"

"उद्घाटनाला. जेवायला," कल्याणराव म्हणाले. "तेही बुफे होता."

संध्याताईंनी प्रियाकडून चाळीस घरांची दहा आठवड्यांची उत्तरं छापून घेतली आणि पिशवीत टाकली. जिन्यात त्यांना प्रियाने मागून हाक मारली.

"मॅडम, एक सांगायचं राहिलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चिंचोलवाडीत पोटाच्या विकाराची साथ आली होती. आमच्या प्रणालीनेच पकडली. सगळ्याच्या सगळ्या चाळीस घरांनी त्या आठवड्यात मऊ भात आणि ताक सोडून काही खाल्लं नव्हतं. आम्ही डॉक्टरांचं पथक पाठवलं."

"मग?"

"पथक पोहोचेपर्यंत साथ गेलेली होती. एकही रुग्ण सापडला नाही. अहवालात आम्ही तो यशस्वी हस्तक्षेप दाखवलाय."

३

बुधवारी सकाळी संध्याताई घनसावंगीपर्यंत बसने आणि पुढे काळीपिवळीत आठव्या सीटवर बसून चिंचोलवाडीला पोहोचल्या. फाट्यावर ज्योत्स्ना उभी होती. तिशीतली, सडपातळ, खांद्याला कक्षाची पिशवी. खुलाशाचं पत्र तिने पिशवीच्या पट्ट्यात अडकवलं होतं.

"ताई, मी खोटं लिहिलं न्हाई," ती चालता चालता म्हणाली. "नोकरी जाऊ द्या. पण शनिवारी चूल बंद झाली तर मला ह्या रस्त्यानं येताच यायचं न्हाई."

स्वयंपाकघर शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. चूल नंदाबाई उढाण सांभाळत होत्या. त्यांनी संध्याताईंना बघून विचारपूस वगैरे केली नाही, सरळ ताट वाढलं. ऑडिटच्या दिवसांपासून संध्याताईंचा एक नियम होता: जिथे चौकशी, तिथे आपला डबा. पण इथे डबा काढायची त्यांची हिंमत झाली नाही.

पंगतीत त्यांनी विचारायला सुरुवात केली. "मावशी, तुम्हाला सोमवारी फोन येतो का? आवाज विचारतो, भाकरी किती दिवस खाल्ली?"

"आवाज? कोन्चा आवाज?" नंदाबाई म्हणाल्या. "आमाला काय पुसायचं त्यात. सोमवारी भाकरी, मंगळवारी भाकरी. हितं मिळती म्हनून मिळती."

शेजारच्या बाईला फोन आला नव्हता. पलीकडच्या म्हाताऱ्यालाही नाही. बौद्धवाड्यातला वसंता कांबळे म्हणाला, "मला फोन येतो ना. लोनवाल्याचा." पंगत हसली. पण आवाजाचा फोन त्यालाही आला नव्हता.

"आणि मार्चमध्ये पोटाची साथ?"

"ते डॉक्टर आल्ते बघा!" वसंता म्हणाला. "आठ जन. आमचे पोटं दाबून दाबून गेले. म्हनले, जुलाब होतेत का? म्हनलं साहेब, व्हायला आत काहीतरी पायजे ना."

एवढ्यात शेडच्या दाराशी धोतराचा सोगा दिसला. अप्पाराव तौर आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच काठी टेकून उभे राहिले.

"बाई, तुम्ही चौकशीवाल्या का? मंग माझं लिहून घ्या. गाव हिरवं झालं ते झ्याक झालं. ह्या पोरीनं आमचं गाव चार जिल्ह्यांत भिकारी करून ठेवल्तं."

"म्हणजे गावात कुणी उपाशी नाही?"

"असतील दोन-चार. त्यांचं त्यांनी बघावं. पन गावाची म्हनून काही इज्जत असती का न्हाई? माझा बाप हितं दुष्काळात परगावच्या लोकांला जेवू घालायचा."

"अप्पा, बसा, घास खावा," नंदाबाई म्हणाल्या.

"आमचं झालंय जेवन," अप्पाराव म्हणाले आणि वळून गेले.

फोन चाळीस घरांना गेला होता. चाळीस घरांनी उत्तरं दिली होती. आणि चिंचोलवाडीत एकाही माणसाला फोन आला नव्हता.

४

गुरुवारी सकाळी संध्याताईंनी जालन्यातल्या घरी जेवणाच्या टेबलावर उत्तरांचे कागद पसरले. ज्योत्स्ना समोर चहाचा कप धरून बसली होती. चहावर साय आली तरी तिला भान नव्हतं.

"अप्पारावांनी केलं असेल का, ताई? रामप्रसादला मिळवून?"

"अप्पारावांना गाव हिरवं हवं होतं, पण रामप्रसादच्या हातात रंग नाही. शिवाय हे बघ." संध्याताईंनी कागद तिच्याकडे सरकवला. "पहिलं घर. भाकरी-भात सहा दिवस. डाळ चार. दूध सात. मांस एक. पाव-बिस्किट सहा. कंदमुळं एक. आता दुसरं घर वाच."

ज्योत्स्नाने वाचलं. तिसरं वाचलं. मग पटापट पानं उलटली. "सगळे सारखेच!"

"चाळीस घरं, एकच ताट. आता सांग, हे कुणी बसून खोटं भरलं असेल का?"

"मंग काय खरंय का हे?"

"अगं, मी खोट्या आकड्यांवर आयुष्य काढलंय. खोटं लिहिणारा घाबरट असतो. तो इथं चार लिहितो, तिथं पाच लिहितो, मध्येच एखादा शून्य टाकतो. खरं दिसावं म्हणून जिवाचा आटापिटा करतो. इतकं बिनधास्त एकसारखं लिहायची ताकद फक्त खरं बोलणाऱ्यात असते. ही सगळी उत्तरं खरी आहेत. फक्त ती चाळीस माणसांची नाहीत. एकाच माणसाची आहेत."

ज्योत्स्नाने कप खाली ठेवला.

"आता हा माणूस कोण ते बघू," संध्याताई म्हणाल्या. "कंदमुळं म्हणजे काय, ते प्रश्नाखाली दिलंय. रताळं, बटाटा, साबुदाणा. दर आठवड्याला धान्याचे दिवस सहा आणि कंदमुळांचा एक. सहा आणि एक सात. म्हणजे हा माणूस दर आठवड्याला एक दिवस धान्य खातच नाही. साबुदाणा खातो."

"उपास!"

"आणि महाशिवरात्रीच्या आठवड्यात धान्य पाच, कंदमुळं दोन. आता या चाळीस घरांत आपली किती?"

"बौद्धवाड्यातली चौदा-पंधरा असतील." ज्योत्स्नाला हसू फुटलं, ते तिने पदराने दाबलं. "ताई, माझी आजी छप्पनच्या दीक्षेला नागपूरला पायी निघाल्ती. तवापासून आमच्या घरात महाशिवरात्रीला वांग्याचं भरीत असतं. वसंताकाका साबुदाणा खाईल?"

"सगळ्या वाड्याने एका रात्रीत उपास धरले, असं नैरोबीला वाटू शकतं. परतूरला नाही वाटणार. पुढे बघ. उपास सोडला तर रोज पाव. चिंचोलवाडीत पाव मिळतो?"

"घनसावंगीला जावं लागतं. रोज कोन जाणार?"

"म्हणजे शहरातला माणूस. हिंदू, आठवड्याचा उपास पाळणारा, रविवारी मटण खाणारा, एरवी रोज दूध-पावाची न्याहारी करणारा. प्रामाणिक. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याचं पोट बिघडलं होतं."

"पन गावाचे चाळीस फोन त्याच्याकडं कसे जातील?"

संध्याताईंनी कागद बाजूला सारले. त्यांनी ज्योत्स्नाला नंदाबाईंना फोन लावायला सांगितलं. चुलीजवळच्या कुणाच्या तरी फोनवर तो एकदाचा लागला. "मावशी, एकच विचारते. तुमचा गॅस नोंदवताना, बँकेत, दवाखान्यात, कुठल्या योजनेत नंबर मागतात, तेव्हा तुम्ही कुणाचा देता?"

फोन लागेपर्यंत पंगत बसली होती आणि फोन स्पीकरवर होता. उत्तर एकट्या नंदाबाईंचं आलं नाही. मागून सगळी शेड बोलली.

"सर्जेराव भाऊचा!"

५

सर्जेराव घाडगे मूळ चिंचोलवाडीचे. जालन्यात मस्तगडला त्यांचं शिलाईच्या सामानाचं दुकान होतं: बटनं, धागे, अस्तर, चेन. गावात फोन उदंड होते, पण त्यांचे नंबर ऋतूप्रमाणे बदलत. एका कंपनीची सवलत संपली की दुसऱ्या कंपनीचं कार्ड. शिवाय नदीकडच्या अंगाला टॉवर कधी धरी, कधी सोडी. सर्जेरावांचा नंबर मात्र पंधरा वर्षं जागेवर होता, माणूस शिकलेला होता, आणि आलेला ओटीपी वाचून गावात उलट कळवण्याइतका भला होता. गावाच्या हिशेबाने नंबर म्हणजे सर्जेरावांचा. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं.

दुपारी संध्याताई आणि ज्योत्स्ना दुकानात शिरल्या तेव्हा सर्जेराव एका गिऱ्हाइकाला जांभळ्या रंगाच्या चार छटा दाखवत होते. गिऱ्हाईक गेल्यावर संध्याताई म्हणाल्या, "आठवड्याचा उपास किती वर्षांपासून करता?"

"लगन झाल्यापासून," सर्जेराव म्हणाले. मग दचकले. "तुमाला कोनी सांगितलं?"

"आता पोट कसं आहे? मार्चमध्ये बिघडलं होतं ना?"

सर्जेरावांनी हातातली रिळं खाली ठेवली. दुकानामागच्या खोलीतून त्यांच्या बायकोने, साधनाने, डोकं बाहेर काढलं. "एकनाथ षष्ठीच्या जत्रंतली भजी खाल्ली यांनी. म्या नको म्हनत होते. पन हे तुमाला कसं ठाऊक?"

"आम्हालाच नाही, नैरोबीलासुद्धा ठाऊक आहे," संध्याताई म्हणाल्या. "तुमच्या पोटासाठी आठ डॉक्टर चिंचोलवाडीला जाऊन आले. दर सोमवारी तुम्हाला फोन येतात का?"

सर्जेरावांना एकदम सुटल्यासारखं झालं. एवढे दिवस ही गोष्ट कुणाला सांगावी हे त्यांना समजलं नव्हतं.

"येतेत ना बाई! दर सोमवारी, दिवेलागणीला. एक बाई गोड आवाजात विचारती, काय काय खाल्लं. मी बराबर सांगतो. ठेवला की परत येतो. तेच प्रश्न. परत सांगतो. परत येतो. बोटं दुखून येतेत."

"मला वाटलं यांचं बाहेर काही चालूय," साधना म्हणाली. "सोमवार आला की हे दुकान टाकून कोपऱ्यात फोन धरून बसतेत. बोलत तर काहीच न्हाई, नुसते बटनं दाबतेत. म्हनलं, कोन असली ही मुकी!"

"पण तुम्हाला शंका कशी आली नाही, भाऊ?" ज्योत्स्नाने न राहवून विचारलं. "एकच प्रश्न चाळीसदा?"

सर्जेरावांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. पोरगी नवी आहे, असं त्या पाहण्यात होतं.

"ताई, मी पंधरा वर्षांपासून गावाचे सरकारी कामं करून राह्यलो. एका कामाला चाळीस खेपा घालाव्या लागतेत. मला वाटलं, आधीचं त्यांला पोचून न्हाई राह्यलं. पोचेपर्यंत दाबत राहायचं."

"आणि खोटं काही सांगितलं नाही?"

"खोटं कशापायी? त्यांनी पुसलं तुमी काय खाल्लं, मी काय खाल्लं ते सांगितलं. मटन खाल्लं तर मटन."

संध्याताईंनी खुर्ची पुढे ओढली. "सर्जेराव, तुमच्या मटणाने चिंचोलवाडी हिरवी झालीय. शनिवारपासून तिथली चूल बंद."

सर्जेरावांनी रिळं खोक्यात टाकली. मग त्यांनी शटरची काठी उचलली.

"कुठं यायचं ते सांगा. जल्दी सांगा."

पण संध्याताईंना एक अडचण दिसत होती. बैठकीत हे नुसतं सांगून भागणार नव्हतं. मंच म्हणाला असता नंबर आमचे नाहीत, परिषद म्हणाली असती उत्तरं आमची नाहीत, आणि दोघांनी मिळून समिती नेमली असती. समितीचा अहवाल येईपर्यंत चिंचोलवाडीचा उन्हाळा उलटून गेला असता.

६

शुक्रवारी अकराला सभागृह भरलं. समोरच्या पडद्यावर अर्ध्या भागात नकाशा आणि अर्ध्या भागात नैरोबीहून जोडल्या गेलेल्या प्रकल्पप्रमुख बाई. टेबलाच्या एका टोकाला प्रिया, दुसऱ्या टोकाला कल्याणराव, मध्ये पाण्याच्या बाटल्यांची सरहद्द. मागच्या दाराने चिंचोलवाडी आत येत होती. दोन जीपमध्ये जेवढी बसते तेवढी, म्हणजे चाळीसही घरं; जुन्या योजनेचे ओटीपी कुणाकुणाला कळवले होते ते सर्जेरावांना तोंडपाठ होतं. सगळ्यात शेवटी अप्पाराव तौर आले. ते गावाच्या इज्जतीच्या बाजूने बोलायला आले होते.

"चौकशी अहवाल?" अध्यक्षांनी विचारलं.

"अहवाल नाही. प्रात्यक्षिक आहे," संध्याताई म्हणाल्या. "प्रियाताई, सोमवारचे फोन आता, या क्षणी चिंचोलवाडीला लावा. आणि नकाशावर गाव मोठं करा."

प्रियाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मान हलवली. पडद्यावर गावाचे चाळीस चौकोन उघडले. पहिला चौकोन लुकलुकायला लागला.

सभागृहात फोन वाजला.

पहिल्या रांगेत सर्जेराव बसले होते. त्यांनी फोन उचलला, ऐकलं, बटनं दाबली. पडद्यावरचा पहिला चौकोन हिरवा झाला. दुसरा लुकलुकला. सर्जेरावांचा फोन वाजला. दुसरा चौकोन हिरवा झाला. तिसऱ्याला मागच्या रांगेत कुजबुज झाली. चौथ्याला हसू फुटलं. पाचव्याला अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. कल्याणराव पडद्याकडे बघत नव्हते, सर्जेरावांच्या अंगठ्याकडे बघत होते.

"हा सद्गृहस्थ मस्तगडला राहतो," संध्याताई म्हणाल्या. "खाऊनपिऊन सुखी आहे, याबद्दल प्रणालीचा निष्कर्ष अचूक आहे. फक्त तो एकटाच आहे."

नैरोबीच्या बाईंना प्रियाने हळू आवाजात इंग्रजीत समजावलं. त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या.

"आता गावाचं जेवण गावाला सांगू द्या," संध्याताई म्हणाल्या. "कल्याणराव, पुढचा चौकोन कुणाच्या घराचा ते वाचा."

"ते येत नाही, मॅडम," कल्याणराव कळवळून म्हणाले. "नंबर आणि उत्तर एका टेबलावर आणायचं नाही, असं करारात आहे. लोकांची गोपनीयता..."

नंदाबाई उभ्या राहिल्या. "कसली गोपनियता, साहेब? आमची भूक साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक हाय. एकट्या तुमच्यापासूनच लपून राह्यली. वाचा तुमी नाव. आमची हरकत न्हाई." मागे वळून त्यांनी विचारलं, "हाय का रे कोनाची?"

"न्हाई!" चिंचोलवाडी म्हणाली.

नैरोबीच्या बाईंनी इंग्रजीत एकच वाक्य उच्चारलं. प्रियाने त्याचं मराठी केलं नाही. तिने आपला लॅपटॉप उचलला, टेबलाला वळसा घातला आणि तो कल्याणरावांच्या लॅपटॉपशेजारी नेऊन ठेवला. दोन आंतरराष्ट्रीय संस्था इतक्या जवळ बुफेतसुद्धा आल्या नव्हत्या.

"नंदाबाई उढाण," कल्याणरावांनी वाचलं.

फोन वाजला. सर्जेरावांनी तो उठून नंदाबाईंच्या हातात दिला आणि कोणता आकडा कुठे ते दाखवलं. डाळ, गावच्या चुलीवर, सात दिवस. घरात, शून्य. दूध शून्य. मांस शून्य. चौकोन लाल झाला.

"वसंता कांबळे." लाल. त्याच्या मागची म्हातारी. लाल. फोन हातोहात फिरू लागला. एकजण दाबायचा, दुसरा रांगेत हात पुढे करून उभा असायचा. प्रिया उत्तर सांगे, कल्याणराव नाव सांगत. हळूहळू दोघांची अशी लय बसली की करारात नुसती पानं का भरली होती असा प्रश्न पडावा. एकदोन चौकोन पिवळे आले, तेव्हा त्या घरवाल्यांनीच मान्य केलं, की आमच्याकडे म्हैस आहे, आमचं बरंय. सर्जेरावांनी हिरवे केलेले पहिले चौकोनही परत घेतले गेले. कुठेच गडबड नव्हती.

एकच चौकोन उरला.

"अप्पाराव तौर," कल्याणराव म्हणाले.

फोन वाजत राहिला. अप्पाराव जागचे हलले नाहीत. सर्जेरावांनी फोन त्यांच्यापुढे धरला. "अप्पा, उचला. तुमाला वाटंल ते दाबा. कोनी काही म्हननार न्हाई."

अप्पारावांनी फोन घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि कानाला लावला. आवाज विचारत गेला, ते दाबत गेले. मग त्यांचा अंगठा थांबला. फोनमधला गोड आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू येत होता: घरात पुरेसं अन्न नसल्यामुळे गेल्या सात दिवसांत किती दिवस कुणाला जेवण टाळावं लागलं?

"बाई," अप्पाराव भिंतीकडे बघतच संध्याताईंना म्हणाले, "माझी सून दुपारची जेवत न्हाई. पुसलं तर म्हनती, आज उपास हाय."

"रोज?"

"रोज. कधी सोमवार, कधी गुरुवार, कधी एकादशी. मला वाटलं पोरगी लई देवभोळी हाय." त्यांनी धोतराच्या सोग्याने नाक पुसलं. "कालच्या मंगळवारी एकादशी नव्हती. मला काय पंचांग कळत न्हाई का? कळून न कळल्यासारखं केलं."

त्यांनी सात दाबलं. जोरात, आकडा फोनच्या पलीकडे जावा असं.

चाळिसावा चौकोन लाल झाला आणि चिंचोलवाडीने टाळ्या वाजवल्या. एखादं गाव आपण उपाशी असल्याचं सिद्ध झाल्याबद्दल जल्लोष करतं, हे नैरोबीच्या बाईंनी त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच पाहिलं असावं. पण त्याही टाळ्या वाजवत होत्या. ज्योत्स्ना टाळ्या वाजवत नव्हती. तिचे दोन्ही हात तोंडावर होते.

अध्यक्षांनी उन्हाळ्याच्या यादीत पहिलं नाव चिंचोलवाडीचं लिहिलं आणि ज्योत्स्नाला गेलेलं पत्र मागे घेतलं. नैरोबीच्या बाईंनी विचारलं, अशी आणखी गावं असतील का? कल्याणरावांनी तिथेच नंबर चाळले. प्रियाने ताटं जुळवली. परतूरकडची काही गावं दर आठवड्याला एकाच किराणा दुकानदाराच्या घरचं जेवत होती. त्यांचे रंग दुपारपर्यंत थांबवले गेले. ठरलं असं, की यापुढे नंबर आणि उत्तर एकाच खोलीत राहतील, महिन्यातून एकदा ज्योत्स्नासारखं कुणीतरी डब्यांची झाकणं उघडून बघेल, आणि माणसाचं व यंत्राचं जुळलं नाही तर आधी यंत्राला पत्र जाईल.

बाहेर जीपवाला भोंगा वाजवत होता. मागच्या सीटवर अप्पाराव चढले आणि नंदाबाईंसाठी सरकून जागा केली.

"उद्या किती वाजता असतं ते?" त्यांनी विचारलं.

"बाराला," नंदाबाई म्हणाल्या. "सुनेला घेऊन या. अन् लवकर या, अप्पा. आता वाढायला मानूस कमी पडतंय."